पेन खाली ठेवलं, पट्टी हाती घेतली

पाण्याचा सामू (पीएच) मोजायची रंगीत पट्टी ही शाळेच्या प्रयोगशाळेत शोभणारी वस्तू, बागेत तिचं काही काम नाही, असं माझं ठाम मत होतं. आणि मत असलं की मी ते पोटात ठेवत नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तासगावकडे द्राक्षबाग करणाऱ्या माणसाचा तोरा जरा वेगळाच असतो. कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर कुणी पट्टीची डबी घेताना दिसला की मी हमखास टोकायचो, "अहो, रंग बघून कसली शेती करता? पेन घ्या पेन." माझ्या स्वतःच्या शर्टाच्या खिशाला सामू मोजायचं डिजिटल पेन कायम अडकवलेलं. टाकीत बुडवायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा, "सहा पॉइंट चार", आणि ब्लोअर सुरू. आकड्यात पॉइंट आला की समोरचा वाद घालत नाही, हा माझा अनुभव.

आज आमच्या शेडमध्ये फवारणीचं पाणी पट्टीवर तपासलं जातं आणि पेन कपाटात असतं. हे सांगायला हवं, कारण पेन घ्या म्हणून मी ज्यांच्या मागे लागलो होतो त्यांतले काहीजण हे वाचतील आणि मला जाब विचारतील. विचारावाच.

ज्यांचा द्राक्षाशी संबंध फक्त ताटातल्या घडापुरता आहे, त्यांच्यासाठी आधी थोडं. गोडी छाटणी होऊन घड पोपटी रंगावर आले की जीएची, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडची, पहिली फवारणी येते. घड लांबावा, मोकळा व्हावा, मण्यांची दाटी होऊ नये म्हणून. मात्रा इतकी बारीक की १० पीपीएम म्हटलं तर हजार लिटर पाण्यात १० ग्रॅम. हे औषध आम्लधर्मी पाण्यातून झाडात चांगलं शिरतं. अल्कधर्मी पाण्यात ते कमी शिरतं आणि द्रावण तसंच ठेवलं तर विघटनही पावतं. म्हणून द्रावणाचा सामू साडेपाच ते सहा असावा, असं आम्हाला पढवलेलं असतं. आमच्या बोअरचं पाणी निघतं आठाच्या आसपास. दोन अंकांचा फरक दिसायला किरकोळ. पण सामूची चढउतार दहापटीची असते. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअरच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं हे मोजमाप मांडलं, तेव्हापासून एक अंक खाली म्हणजे हायड्रोजन आयन दहापट, दोन अंक खाली म्हणजे शंभरपट, असा हिशेब आहे.

बुरशीनाशकांतही असंच. कॅप्टनचं उदाहरण नेहमी देतात, कारण ते डोळे उघडणारं आहे. सामू पाचाच्या पाण्यात ते अर्धं उरायला दिवसाहून जास्त वेळ लागतो, साताला आठेक तास, आणि नवाला काही मिनिटं. म्हणजे टाकी भरून चहाला गेलात आणि पाणी फारच अल्कधर्मी असेल, तर परत येईपर्यंत पैसे दिलेलं औषध संपलेलं. उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी. तांबंयुक्त औषध आम्ल पाण्यात टाकलं की जास्तीचं तांबं विरघळून कोवळ्या पानांवर चट्टे येतात. तेव्हा "सायट्रिक टाका म्हणजे झालं" हा सल्ला सगळ्या टाक्यांना लागू नाही. आधी मोजा, मग ठरवा.

वाद होता तो कशानं मोजायचं याचा.

पेनाची बाजू मी आजही सोडलेली नाही. १९३४ साली कॅलिफोर्नियात आर्नोल्ड बेकमन यानं पहिला चालता-बोलता सामू-मीटर बनवला तो पट्टीनं हात टेकल्यामुळेच. लिंबूवर्गीय फळांच्या धंद्यातल्या एका मित्राला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती, आणि रस टिकवण्यासाठी त्यात सल्फर डायऑक्साइड घातलेला असल्यानं लिटमसचा रंगच उडून जायचा. रंग उडाला तर वाचणार काय? मग काच, तारा, व्हॉल्व्ह यांची जुळणी करून बेकमननं रंगाला बाजूला सारलं. ही गोष्ट मी पट्टीवाल्यांना पुन्हापुन्हा ऐकवलेली आहे. आमच्याकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तिचा धूर म्हणजे हाच सल्फर डायऑक्साइड, त्यामुळे गोष्ट ऐकायला घरचीच वाटते.

पण बेकमनचं यंत्र टेबलावर होतं, आणि त्याची निगा ठेवायला बेकमन होता. माझं पेन खिशात, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, कधी कुंपणाच्या खांबावर. पेनाच्या टोकाला पातळ काचेचा बल्ब असतो. त्याचा पृष्ठभाग ओला राहिला तरच तो नीट काम करतो, आणि ओला ठेवायचा तोही साध्या पाण्यात किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये नव्हे, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. चार आणि सात सामूच्या बफरमध्ये बुडवून तो वरचेवर जुळवून घ्यायचा. बल्बला आयुष्य असतं, वापरा न वापरा तो म्हातारा होतो. हे सगळं मला पाठ होतं. फवारणीच्या हंगामात पहाटे चारला उठणाऱ्या माणसाच्या हातून यातलं किती होतं, हे मात्र मी कुणाला विचारलं नव्हतं.

माझ्या थोरल्या वहिनी बचत गटात भांडी घासायचं लिक्विड बनवतात. अ‍ॅसिड स्लरी पाण्यात सोडायची, कॉस्टिक सोड्यानं ती हळूहळू मारायची, आणि सामू साताच्या घरात आला की थांबायचं. नाहीतर बायकांचे हात सोलतात. त्यांचं सगळं काम पट्टीवर. एका हंगामात जीएच्या फवारणीच्या सकाळी मी टाकीपाशी आकडा वाचत होतो तेव्हा वहिनी सरबताला लिंबं पिळत होत्या. त्यांनी माझं पेन मागून घेतलं, पेल्यातल्या रसात बुडवलं आणि हसत म्हणाल्या, "भावजी, ह्ये तर लिंबाच्या रसालाबी सातच म्हणतंय बघा."

खरंच ७.१ होतं. बोअरच्या पाण्यात ७.०. साबणाच्या पाण्यात पुन्हा ७.१. बल्बला डोळ्यांना न दिसणारा तडा गेला की पेन असं वागतं: कशातही बुडवा, आत आणि बाहेर सारखंच भासून ते साताच्या आसपास काहीतरी सांगत राहतं. आकडा स्वच्छ, पॉइंटसकट, आणि अर्थ शून्य.

वहिनींनी मग त्यांची पट्टी काढली. त्यांची पद्धत मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. टाकीचा पंखा चालू ठेवायला सांगितला. आम्ल जिथं ओतलं होतं तिथून नव्हे, टाकीच्या दुसऱ्या तोंडातून पाणी काढलं. पांढरा चिनीमातीचा कप त्याच पाण्यानं दोनदा विसळला, मग भरला. हात पदराला कोरडे पुसले, डबीतून एक पट्टी काढली आणि झाकण आधी लावलं. पट्टी बुडवून लगेच बाहेर काढली, एक झटका दिला, आणि शेडमधला पिवळा बल्ब सोडून दारात उजेडाला येऊन डबीवरच्या रंगांशेजारी धरली. "सहा आणि सात, दोन्हीच्या मधी हाय. अजून थोडं टाका."

"मधे म्हणजे नक्की किती?" मी.

"तुम्हाला साडेपाच ते सहा पायजे न्हवं? मग त्याच्या वर हाय, एवढं कळलं की."

माझ्या डोक्यातलं खरं चाक तिथं फिरलं. पेन बिघडलं म्हणून नव्हे. पेन दुसरं आणता येतं, आणि मी आणलंही. फिरलं ते यामुळे की प्रश्नच मुळी ढोबळ होता आणि मी त्याला दशांशातलं उत्तर आणून देत होतो. फवारणीच्या पाण्याला ५.६ आणि ५.९ यांत काही फरक पडत नाही. सहा की आठ, यात पडतो. तेवढं सांगायला पट्टी पुरेशी आहे. शिवाय पट्टी खराब झाली तर बहुतेक वेळा तोंडावर दिसते: चौकोन आधीच रंगलेला असतो, रंग डबीवरच्या कुठल्याच घराशी जुळत नाही, कडेला फाटल्यासारखा पसरतो. पेन बिघडलं तरी बोलायचं थांबत नाही. शेतावर मला पहिल्या जातीचं हत्यार हवं आहे.

आता, पट्टीनं माझ्याकडून जो अविश्वास कमावला होता तो फुकट नव्हता. कॉलेजात आम्ही पट्ट्या वापरायचो त्या वर्षानुवर्षं उघड्या पडलेल्या पुडीतल्या, अमोनियाच्या बाटलीशेजारच्या, आणि ट्यूबलाइटखाली वाचायच्या. तशा वापरानं पट्टी काय, काहीही नापास होईल. म्हणून नीट वापर म्हणजे काय, ते जरा सविस्तर लिहितो.

पट्टीवर असतात ती दोन-चार रंगद्रव्यं, प्रत्येकाचा पल्ला वेगळा. मिथाइल रेड साधारण ४.४ ते ६.२ यादरम्यान लालाचा पिवळा होतो. ब्रोमोथायमॉल ब्लू ६ ते ७.६ यात पिवळ्याचा निळा. जुना लिटमस, जो दगडफुलाच्या गोतावळ्यातल्या शैवाकांपासून काढतात, त्याचा पल्ला साडेचार ते आठाच्या वर इतका ऐसपैस, त्यामुळे तो फक्त "आम्ल की अल्क" सांगतो, किती ते नाही. एक ते चौदा लिहिलेली पट्टी म्हणजे अशा अनेक द्रव्यांचं मिश्रण. ती सगळीकडे चालते आणि कुठेच बारीक सांगत नाही. आपलं काम पाच ते सात यातच असेल तर त्याच पल्ल्याची, अर्ध्या अंकाच्या घरांची पट्टी घ्यावी. एक ते चौदावाल्या कागदावर पाच म्हणजे नारिंगीकडे झुकलेला पिवळा आणि सहा म्हणजे पिवळा. पहाटे ट्रॅक्टरच्या दिव्यात हा फरक कुणाला दिसतो ते मला दाखवा. दिवसाचा उजेड हवाच, आणि पाठीमागे पांढरं काहीतरी. तांबडा-हिरवा ओळखण्यात ज्यांना अडचण आहे त्यांनी वाचनाचं काम दुसऱ्याकडे द्यावं. पुरुषांत हा दोष बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि अनेकांना तो आपल्यात आहे हे ठाऊकही नसतं.

प्लास्टिकच्या पट्टीवर चार चौकोन असतात. बरेचजण त्यातला एकच आवडता चौकोन बघतात. तसं नाही, चारही चौकोनांची ओळ डबीवरच्या एखाद्या ओळीशी एकत्र जुळायला हवी. तीन जुळले आणि चौथा भलताच असेल तर नमुन्यात रंग उडवणारं किंवा चढवणारं काहीतरी आहे असं समजावं. ब्लीचिंगचं पाणी हे त्याचं ठळक उदाहरण: आधी रंग येतो, बघता बघता पांढरा पडतो. ब्लीचनं धुतलेला डबा नीट न विसळता त्यात नमुना घेतला तरी हेच होतं.

पट्टी नळाच्या धारेखाली धरू नये, तिच्यातला रंग धुऊन जातो. बुडवून ढवळू नये. बाहेर काढल्यावर पुसू नये, फक्त झटकावं. डबीवर जितके सेकंद लिहिलेत तेवढ्यात वाचावं. वाळलेली पट्टी खिशात घालून संध्याकाळी पोराला दाखवण्यात अर्थ नाही, तोवर तिचा रंग बदललेला असतो. बोटांना चुना, साबण किंवा नुसता घाम असला तरी चौकोनाला हात लागता कामा नये. आणि औषध टाकण्याआधी मोजावं. मॅन्कोझेबचं पिवळट गढूळ पाणी पट्टीवर बसलं की आपण सामू नाही, औषधाचा रंग वाचत असतो.

डबीचं झाकण ही सगळ्यात हेळसांडीची जागा. आत ओल शोषणारी पुडी असते ती फेकायची नाही. आमच्याकडे एका शेडमध्ये डबी गंधकाच्या धुरीच्या खोलीलगतच्या फळीवर उघडी राहिली होती. वरच्या पट्ट्या पाण्यात न बुडवताच आम्ल दाखवायला लागल्या.

पट्टी अजून जिवंत आहे का, हे बघायला घरातलाच एक उपाय आहे. खायचा सोडा पाण्यात विरघळवला की त्याचा सामू ८.३ च्या आसपास येतो, आणि गंमत म्हणजे सोडा थोडा कमी-जास्त पडला तरी तो फारसा हलत नाही. दुसऱ्या टोकाला लिंबाचा रस, दोन ते अडीच. या दोन्हींत पट्टीनं बरोबर रंग दिला तर मधल्या पल्ल्यातही ती बहुधा बरोबर आहे. आरओचं पाणी सात असेल असं धरून मात्र कुणी पट्टी तपासू नये. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून शुद्ध पाणीसुद्धा साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अशा पाण्यात क्षार इतके कमी की पट्टीवरचा रंगच पाण्याचा सामू थोडा ढकलतो. पावसाचं पाणी, आरओचं पाणी यांना रंग न सुटणारी प्लास्टिकची पट्टी घ्यावी आणि रंग बदलायचा पुरता थांबेपर्यंत, वेळ पडली तर काही मिनिटं, ती पाण्यात राहू द्यावी. कागदाची पट्टी इथं कामाची नाही.

पट्टी असो वा पेन, दोघांकडेही नसलेलं एक उत्तर लोक त्यांच्याकडून मागतात. "सामू आठ आहे, तर सायट्रिक किती टाकू?" सामूवरून हे कळत नाही. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. आम्ल टाकलं की ते आधी त्यांच्याशी झुंजण्यात खर्च होतं. पावसाळ्यात भरलेल्या शेततळ्याचं पाणीही आठ दाखवेल, पण तिथं बायकार्बोनेट थोडे, म्हणून त्याच्या कितीतरी कमी आम्लात ते सहावर येईल. बोअरचं माप शेततळ्याच्या पाण्याला लावलं तर द्रावण चारावर जाऊन बसतं. त्यामुळे आम्ही बादलीवर ठरवतो: दहा लिटर पाणी, मोजून एकेक ग्रॅम आम्ल, प्रत्येक वेळी ढवळून पट्टी. बादलीला जे लागलं त्याची साठपट म्हणजे सहाशे लिटरच्या टाकीला. दर हंगामात आणि दर पाण्याला हे नव्यानं करतो, कारण उन्हाळ्याकडे बोअरचं पाणी आणखी जड होतं. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

यात एक बारीक खोच आहे जी मला पेनाच्या काळात उमगली नव्हती, कारण आकडा दिसला की मी पुढे जायचो. आम्ल आणि बायकार्बोनेट भिडले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि काही काळ पाण्यातच राहतो. तोवर सामू खाली दिसतो. पंखा फिरून वायू निघून गेला की सामू पुन्हा थोडा वर चढतो. म्हणून आम्ल टाकल्या टाकल्या नव्हे, चांगलं ढवळून काही मिनिटांनी पुन्हा एकदा पट्टी बुडवावी. शेततळ्याच्या पाण्याला आणखी एक खोड: शेवाळ असेल तर ते दिवसभर उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, आणि दुपारनंतर सामू चढतो, पहाटे तोच उतरलेला असतो. काल दुपारचं माप आज पहाटेच्या फवारणीला चालत नाही.

बोर्डो मिश्रणाबाबत तर पट्टीनं मला वडिलांच्या पद्धतीकडेही नव्यानं बघायला लावलं. १८८५ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोमधल्या मिलार्देनं मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण डाऊनीवर, म्हणजे आपल्या केवड्यावर, चालतं हे जाहीर केलं. आज कोकणातल्या सुपारीपासून आमच्या द्राक्षापर्यंत ते वापरात आहे. एक टक्का म्हणजे शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. पण चुना जुना असेल, हवा लागून निम्मा मेलेला असेल, तर किलोला किलो या हिशेबाला काही अर्थ उरत नाही. मोकळं तांबं शिल्लक राहून पान जळतं. वडील द्रावणात विळ्याचं पातं बुडवायचे. पात्यावर तांबूस थर बसला तर चुन्याची निवळी आणखी घालायची. मी कॉलेजात असताना याला हसलो होतो, पण रसायनशास्त्र त्यात शंभर टक्के आहे: लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर ओढतं. विळा फक्त एक बाजू सांगतो, तांबं जास्त झालं का. चुना जास्त झाला का, ते त्याला कळत नाही. पट्टी दोन्ही बाजू सांगते. सामू सात किंवा किंचित वर आला की मिश्रण तयार. फक्त निळ्या दाट द्रावणात पट्टी सरळ बुडवू नका. थोडं ग्लासात काढून निवळू द्या आणि वरच्या स्वच्छ पाण्यात बुडवा. आम्ही आता दोन्ही करतो, विळाही आणि पट्टीही. मिश्रण लोखंडी पिंपात करायचं नाही, हे त्याच विळ्यावरून कळावं.

मत बदललं म्हणजे पट्टी सर्वत्र चालते असं मी म्हणत नाही. बेदाण्याच्या डिपिंगच्या द्रावणात पोटॅशियम कार्बोनेटमुळे सामू अकराच्या वर असतो, आणि त्यात तेल असतं. तेलाचा थेंब चौकोनावर बसला की रंग ठिगळ-ठिगळ येतो. तिथं ढोबळ अंदाजापलीकडे पट्टीवर मी भिस्त ठेवत नाही. नुसत्या तेलाला तर सामूच नसतो, त्यात पट्टी बुडवणं व्यर्थ. काळ्या द्राक्षाचा रस, आमसुलाचं पाणी, हळदीचं काहीही, यांत पट्टी आपला रंग दाखवायच्या आधी त्यांचा रंग घेते. मातीला थेट पट्टी लावणाऱ्यांनाही मी पाहिलं आहे. एक भाग माती, अडीच भाग पाणी, चांगलं ढवळायचं, निवळू द्यायचं, मग वरच्या पाण्यात. तेही अंदाजापुरतं. खताचं नियोजन करायचं तर नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेतच द्यावा.

आणि जिथं माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे तिथं मी अजूनही कट्टर पेनवाला आहे. लिक्विडच्या यशानंतर वहिनींच्या गटानं हवाबंद बाटल्यांत भाज्या आणि फळांचा गर विकायचा बेत काढला आणि मला विचारलं, पट्टीवर भागेल का. मी साफ नाही म्हणालो. हवाबंद अन्नात सामू ४.६ च्या वर असेल तर बोट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. तिथं साडेचार आणि पाच यांतला फरक म्हणजे आरोग्य आणि आजार यांतला फरक, आणि तो पट्टीला धडपणे सांगता येत नाही. अमेरिकेच्या अन्ननियमांतही आम्ल घालून टिकवलेल्या पदार्थाचा सामू चारच्या वर असेल तर मीटरनंच मोजायची सक्ती आहे. चार किंवा त्याखाली असेल तरच रंगाची पद्धत चालते. आपलं मिठातेलातलं लोणचं वेगळ्या तत्त्वावर टिकतं, त्यात सामू हा एकमेव राखणदार नसतो, पण गराच्या बाटलीला मीठही नाही आणि तेलही नाही. वहिनींनी माझं नवं पेन नेलं. बफरच्या पुड्या आणि बल्ब ओला ठेवायचं द्रावण आठवणीनं मागून नेलं, ते मला जास्त आवडलं. घरातल्या फडताळात, वेळापत्रकानं, निगुतीनं वापरलं जाणारं ते पेन माझ्या खिशातल्या पेनापेक्षा खरं बोलणार यात शंका नाही.

टाकीपाशी मात्र पट्टीच. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला ती पाच मिनिटांत शिकवता येते, आणि तो ती माझ्या अपरोक्षही वापरतो. पेनाला तो हात लावायला घाबरायचा, मोडलं तर म्हणून. मोजणारा माणूस हजर नसला की नुसत्या अंदाजानं आम्ल पडायचं, हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

कृषी सेवा केंद्रवाल्यांना एक विनंती: डबी उन्हात काचेच्या कपाटात मांडू नका, आणि सुट्या पट्ट्या कागदात गुंडाळून विकू नका. आणि बागायतदारांनो, छाटणीच्या आधी घरातली डबी काढा, तारीख बघा, वाटीभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून एक पट्टी बुडवा. आठाच्या घरातला, किंवा पट्टी आठापर्यंत जात नसेल तर तिच्या सगळ्यात वरच्या घरातला, रंग आला नाही तर ती डबी पोरांना खेळायला द्या आणि नवी आणा.